मेनू फळ्यावर असावा

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात लिहायचे ते कवितेवर, कथेवर, फार तर निवडणुकीवर, असा एक संकेत आहे. संगणकावर लिहायचे ते विज्ञान शाखेने. पण संगणकापुढे बसून जो अडतो तो बहुधा आमच्यातलाच असतो. दुखणे आमचे आणि त्यावर बोलायचे मात्र दुसऱ्यांनी, हे काही बरोबर नाही. शिवाय मी जे मांडणार आहे त्याला यंत्राचे फारसे ज्ञान लागत नाही. प्रश्न साधा आहे. संगणक सुरू केल्यावर कोपऱ्यातल्या बटणावर टिचकी मारली की जी यादी उघडते, जिला मेनू म्हणतात, ती जुन्या घडणीची चांगली की नव्या घडणीची? माझे मत जुनीच्या बाजूचे आहे. ते तसे का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम या यादीचा थोडा इतिहास पाहू, कारण तो मोठा गमतीदार आहे. मायक्रोसॉफ्टचे विंडोज ९५ बाजारात आले ते २४ ऑगस्ट १९९५ रोजी. पडद्याच्या तळाशी एक पट्टी, पट्टीच्या डाव्या टोकाला 'स्टार्ट' असे लिहिलेले बटण, हे रूप सर्वसामान्यांपुढे तेव्हा प्रथम आले. ते घडवत असताना केलेल्या एका कच्च्या आराखड्यात त्या जागी एक नव्हे, तीन बटणे होती. एक यंत्रव्यवस्थेचे, एक शोधाचे, एक मदतीचे. मग नवख्या माणसांना बोलावून त्यांच्यापुढे तो संगणक ठेवला. माणसे नुसती बघत बसली. आता पुढे काय करायचे हेच त्यांना कळेना. तेव्हा घडवणाऱ्यांनी जो उपाय केला तो मला फार आवडतो. त्यांनी बटणावर सरळ एक शब्द लिहिला : 'स्टार्ट'. एवढ्याने भागले नाही, म्हणून संगणक पहिल्यांदा सुरू झाला की तळाच्या पट्टीवरून एक बाण सरकत यायचा आणि त्या बटणाला धडकायचा. बाणाबरोबर ओळ असायची, 'सुरुवात करण्यासाठी येथे क्लिक करा' अशा अर्थाची. अडाण्याला अडाणी न म्हणता वाट दाखवणारे असे सौजन्य यंत्राच्या जगात क्वचितच पाहायला मिळते.

त्या बटणाची थट्टाही पुष्कळ झाली. संगणक बंद करायचा तर 'स्टार्ट' दाबा, हा काय प्रकार, असे लोक म्हणत. मला यात काही विपरीत वाटत नाही. आपल्याकडे घराबाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतो. बंद करताना 'सुरू करा' वर बोट ठेवणारे यंत्र मला तरी आपल्यातलेच वाटते.

असो. त्या बटणाखाली जी यादी होती तिच्यात मोजून सात ओळी : प्रोग्रॅम्स, डॉक्युमेंट्स, सेटिंग्ज, फाइंड, हेल्प, रन आणि शट डाउन. प्रत्येक ओळीत एक छोटे चित्र आणि त्याच्या पुढे शब्द. ज्या ओळीच्या टोकाला काळा त्रिकोण, तिच्या पोटात आणखी यादी आहे असे समजावे. संपूर्ण यंत्रात जे काही होते ते या सात दारांतून गेले की सापडत असे. पुढे २००१ साली विंडोज एक्सपी आले, तेव्हा यादीचे दोन रकाने झाले. डावीकडे नेहमीच्या वापरातले प्रोग्रॅम, उजवीकडे आपली कागदपत्रे आणि यंत्राच्या सोयी. पण ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी 'क्लासिक' असा पर्याय ठेवलेला होता. तो निवडला की जुनी यादी परत. २००७ साली व्हिस्टा आले. त्याने बटणावरचा 'स्टार्ट' हा शब्द काढून टाकला आणि नुसता गोल मणी ठेवला. यादीच्या तळाशी शोधण्यासाठी एक चौकोन आणला. क्लासिकची सोय मात्र तिथेही शिल्लक होती. ती गेली २००९ च्या विंडोज ७ मध्ये. आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये तर बटणच गेले! संपूर्ण पडदा रंगीत फरश्यांनी भरून गेला. संगणक बंद करायचा तर उजव्या कोपऱ्यात बाण नेऊन धरायचा, मग कडेची एक पट्टी बाहेर यायची, तीत सेटिंग्ज, त्यात पॉवर आणि त्यात शेवटी बंद करण्याचा शब्द. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले असेल तर त्यांना दोष कसा द्यावा?

लोकांनी एवढी कुरकुर केली की वर्षभरातच, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ८.१ या आवृत्तीत बटण परत आले. पण ते दाबले की पुन्हा तेच फरश्यांचे दालन उघडे. खरी यादी परतली ती २९ जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये, तीही अर्धी यादी आणि अर्ध्या फरश्या. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आले आणि बटण डावा कोपरा सोडून पट्टीच्या मधोमध जाऊन बसले. संपूर्ण यादी 'ऑल ॲप्स' नावाच्या आणखी एका बटणामागे गेली. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत त्यातही बदल होऊन संपूर्ण यादी पहिल्याच पानावर आली. म्हणजे जी गोष्ट १९९५ साली समोर होती, ती फिरून फिरून समोर आणायला तीस वर्षे लागली.

आता मुद्द्यावर येतो.

मी तालुक्याच्या गावी प्रथम आलो तेव्हा एका मोठ्या हॉटेलात जाण्याचा प्रसंग आला. मोठे म्हणजे आमच्या हिशेबाने मोठे. तिथे टेबलाशी पोऱ्या येऊन उभा राहतो आणि विचारतो, "काय आणू?" ज्याला पदार्थांची नावे माहीत आहेत त्याला हा प्रश्न सन्मानाचा वाटतो. ज्याला ठाऊक नाहीत तो म्हणतो, "चहा." त्याला भूक लागलेली असते, खिशात पैसेही असतात, पण तो चहाच मागतो, कारण तेवढाच शब्द त्याला खात्रीने येतो. उलट एस.टी. स्टँडवरच्या उपाहारगृहात भिंतीवर फळा असतो. त्यावर पदार्थ आणि समोर दर. कोणालाही काही न विचारता आपण तो वरपासून खालपर्यंत वाचतो, मनाशी हिशेब करतो आणि मग ठसक्यात सांगतो, "एक मिसळ, जादा पाव." हा ठसका फळ्याने दिलेला असतो.

जुना मेनू हा फळा आहे. नवा मेनू हा "काय आणू?" म्हणून विचारणारा पोऱ्या आहे.

नव्या घडणीच्या मेनूचा सगळा भर शोधण्याच्या चौकोनावर असतो. बटण दाबा, नाव टाईप करा, वस्तू हजर. ज्याला नाव ठाऊक आहे त्याला याहून जलद काही नाही, हे मी मान्य करतो. पण नाव ठाऊक नसेल तर? आणि ठाऊक असूनही त्याचे इंग्रजी स्पेलिंग येत नसेल तर? माझ्या वर्गातील किती जण 'कॅल्क्युलेटर' हा शब्द न चुकता इंग्रजीत लिहितील, हे मी येथे विचारत नाही. 'ॲक्सेसरीज'चे तर नावच सोडा. पण हेच शब्द यादीत छापलेले दिसले की आम्ही ते बरोबर ओळखतो. लिहिता न येणारा शब्द वाचता येतो, हा अनुभव मराठी माध्यमातून आलेल्या कोणालाही नवा नाही. परीक्षेतसुद्धा 'गाळलेल्या जागा भरा' आणि 'योग्य पर्याय निवडा' यांत केवढे अंतर असते! ज्याने हा फरक भोगला आहे त्याला जुन्या-नव्या मेनूतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि हे केवळ माझ्यासारख्या विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे आहे असे कोणी समजू नये. संगणकाची दर्शनी बाजू कशी असावी याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसन या तज्ज्ञाने १९९४ साली दहा तत्त्वे मांडली. त्यांतले एक तत्त्व नेमके हेच आहे की माणसाला आठवायला लावू नये, ओळखू द्यावे. हे तत्त्व सर्वमान्य आहे म्हणतात. मग मेनू घडवताना ते कुठे जाते, कोण जाणे.

जुन्या यादीचा आणखी एक गुण आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती शिकवते. मला नोटपॅड उघडायचे होते म्हणून मी ॲक्सेसरीजमध्ये गेलो आणि तिथे शेजारी पेंट दिसले, कॅल्क्युलेटर दिसला, अक्षरांचा तक्ता दिसला. मी काही ते शोधायला गेलो नव्हतो. ग्रंथालयात हव्या त्या पुस्तकाच्या शेजारचे पुस्तक हाती लागावे, तसेच हे. आमच्या ग्रंथालयात चिठ्ठी लिहून दिली की पुस्तक मिळते; कपाटांपर्यंत विद्यार्थ्याला जाऊ देत नाहीत. यामुळे जे नाव आम्हाला ठाऊक तेच पुस्तक आम्ही वाचतो. (हा मुद्दा या लेखाचा नाही, पण ग्रंथपाल महाशय हा अंक वाचतील अशी आशा आहे.) शोधण्याचा चौकोन म्हणजे अशी चिठ्ठीच होय. तो मागितलेले देतो आणि न मागितलेले झाकून ठेवतो.

माझा एक वर्गमित्र या बाबतीत माझ्या अगदी विरुद्ध मताचा आहे. तो म्हणतो, "तू संगणक आधी शिकलास आणि मोबाईल नंतर. बाकीच्यांचे उलटे आहे. आम्हाला चित्रांचीच सवय. यादी वाचायला वेळ कुणाला आहे?" हा आक्षेप खोटा नाही. आमच्या पिढीतल्या बहुसंख्य मुलांनी आधी मोबाईल हाताळला. आमचे वडीलही मोबाईल चालवतात आणि तेही वाचून नव्हे, तर जागेवरून. दुसऱ्या ओळीतले तिसरे, हिरवे, ते फोनचे. पण याच उदाहरणात माझ्या मित्राचे उत्तर आहे. एखादे दिवशी ते हिरवे चित्र आपोआप दुसरीकडे सरकले की वडील फोन माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "बघ रे, बिघडला वाटतं." फोन बिघडलेला नसतो. जो वाचून चालवतो त्याला जागा बदलली तरी शब्द सापडतो; जो जागेवरून चालवतो त्याच्याजवळ जागेखेरीज काही नसते. म्हणून ज्याला अक्षर कमी येते त्याच्या मेनूची जागा तर कधीच हलवू नये. चित्रे ठेवा, पण त्यांच्याजवळ शब्दही ठेवा, आणि दोन्ही आपल्या जागी राहू द्या.

याच संदर्भात एक हकीकत सांगतो. ती घरचीच आहे. माझ्या थोरल्या बहिणीने बारावीनंतर २०१६ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. २००१ पासून महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम चालू आहे आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींनी माउस प्रथम हाती धरला तो तिथेच. तिची त्या वेळची वही अजून घरी आहे. त्यात तिने पट्टीने रेघा आखून मेनूची चित्रे काढली आहेत आणि खाली बारीक अक्षरात मार्ग लिहिले आहेत : स्टार्ट, मग ऑल प्रोग्रॅम्स, मग ॲक्सेसरीज, मग नोटपॅड. मी संगणक शिकलो तो या वहीवरून, आणि यंत्रापुढे बसण्याच्या आधी. घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. ती गेली नाही, कारण त्या वर्षी एकाचाच खर्च झेपण्यासारखा नव्हता आणि मुलाचा खर्च पुढे यायचा होता. ते एक राहू द्या.

पुढे तिला गावातल्या एका दूध संस्थेत काम मिळाले. रोज सकाळ-संध्याकाळ कोणाचे किती लिटर, फॅट किती, हे संगणकात भरायचे आणि दर दहा दिवसांनी बिले काढायची. सहा वर्षांत तिच्या हिशेबात पैशाची चूक निघाली नाही. मग एके दिवशी जुने यंत्र बदलून नवे आणले. बसवणारा बसवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बिलाचा वार. रांगेत तीसेक माणसे. बहिणीने बटण पाहिले तर ते कोपऱ्यात नव्हते. सापडले तेव्हा त्यातून जी खिडकी उघडली तिच्यात खेळ होते, गाणी होती, कधी न मागितलेल्या दहा गोष्टी होत्या, पण बिलाचा प्रोग्रॅम नव्हता. तो होता दुसऱ्या पानामागे. ती शोधत असताना रांगेतून कोणीतरी म्हणाले, "पोरीला येत नाही. एखादा मुलगा ठेवा म्हणावं." तासाभराने तालुक्याहून माणूस आला. त्याने दोनदा क्लिक केले आणि प्रोग्रॅम उघडून दिला. सगळे म्हणाले, बघा, याला येते.

मला या प्रसंगात जे सांगायचे आहे ते असे. बहिणीला काम येत होते. लिटर, फॅट, दर, कपात, सगळे येत होते. बदलले होते ते फक्त दार. पण दाराशी अडलेला माणूस आत काय काय करू शकतो हे रांगेला दिसत नाही. शहरातल्या कार्यालयात मेनू बदलला तर माणसे मेनूला नावे ठेवतात. आमच्याकडे मेनू बदलला की माणसाला नावे ठेवतात, आणि ती बाई असेल तर जरा मोठ्याने ठेवतात. मेनू नवा की जुना हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे जे म्हणतात, त्यांना मी एवढेच विचारीन की तो बदलल्यावर जी तीन-चार दिवसांची नामुष्की येते ती कोणाच्या वाट्याला येते?

हे बदल करणारे काही मूर्ख नाहीत. त्यांच्यापाशी कारणे असतात. विंडोज ८ मधून स्टार्टची यादी काढताना त्यांनी २०११ साली जाहीरपणे आकडे मांडले होते. लोक आता ती यादी पूर्वीइतकी उघडत नाहीत, नेहमीचे प्रोग्रॅम तळाच्या पट्टीवर टाचून ठेवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे आकडे आले कुठून? ज्यांनी आपल्या वापराची माहिती पाठवण्यास संमती दिली होती त्यांच्या यंत्रांतून, इंटरनेटवरून. आता २०११ साली आमच्याकडच्या शाळेत, पतपेढीत, टंकलेखनाच्या वर्गात जे संगणक होते त्यांना इंटरनेट कुठले? त्यांची मते त्या मोजणीत कशी आली असतील? शिवाय जी गोष्ट क्वचित वापरली जाते ती नको असते हा निष्कर्षच मला पटत नाही. घरातला कंदील वर्षातून चार वेळा लागतो. म्हणून तो कोणी भंगारात देत नाही.

जुन्यात सारे काही उत्तम होते असे मी म्हणणार नाही. यादीतून यादी, तिच्यातून आणखी एक यादी, असे चौथ्या थरापर्यंत जाताना माउस जरा घसरला की सगळा डोलारा मिटून जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. हात थरथरणाऱ्या माणसाचे त्यात हालच होत. प्रत्येक नवा प्रोग्रॅम आपल्या नावाची एक चवड त्या यादीत घुसडायचा, आणि दोन-तीन वर्षांत तिचे रूप लग्नघरातल्या माळ्यासारखे व्हायचे. शिवाय १९९५ च्या आधी ज्यांना विंडोज ३.१ च्या खिडक्यांची सवय होती त्यांना हीच 'क्लासिक' यादी उपरी वाटली असणार. बहिणीच्या वहीतला मेनूही काटेकोरपणे पाहता क्लासिक नव्हेच. तो विंडोज ७ चा, म्हणजे मधल्या पिढीचा. पण मी ज्यासाठी भांडतो आहे ते त्यात होते. सगळे एका यादीत, शब्दांत, ठरलेल्या कोपऱ्यात. तेव्हा माझा आग्रह १९९५ सालासाठी नाही, या तीन गोष्टींसाठी आहे.

कोपऱ्याचे महत्त्व तर शास्त्रानेही मानले आहे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोचायला लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. पडद्याच्या कोपऱ्यात ठेवलेले बटण या हिशेबात फारच मोठे ठरते, कारण माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण कोपऱ्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. नेम धरावाच लागत नाही. नवशिक्यांसाठी याहून चांगली जागा सापडणार नाही. विंडोज ११ मध्ये ते बटण मधोमध आणले आणि एक नवीच गंमत झाली. जसजसे प्रोग्रॅम उघडावेत तसतशी मधली रांग लांबते आणि स्टार्टचे बटण डावीकडे सरकत जाते. काल जिथे होते तिथे ते आज नसते. आठवड्याच्या बाजारात भाजीवालीने रोज वेगळ्या कोपऱ्यात पाटी मांडली तर तिचे गिऱ्हाईक टिकेल काय? वास्तविक नवेपणासाठी जागा हलवावी लागते असेही नाही. ॲपलच्या मॅकिंटॉशची मेनूपट्टी १९८४ मध्ये पडद्याच्या वरच्या कडेला होती, ती आजही तिथेच आहे. तिच्या खालचे सारे जग पुष्कळदा बदलले, पट्टी हलली नाही.

विंडोज ११ मधली उजव्या क्लिकची यादीही अशीच. तीत कापणे, उतरवून घेणे आणि चिकटवणे यांचे शब्द काढून नुसती चिन्हे ठेवली. पुढे एका सुधारित आवृत्तीत त्या चिन्हांखाली शब्द परत आले! जुनी पूर्ण यादी मात्र 'शो मोअर ऑप्शन्स' या ओळीमागे ठेवलेली आहे, घरातल्या म्हाताऱ्याला मागच्या पडवीत खाट टाकून द्यावी तशी.

हे असेच चालायचे, आपण काय करणार, असे म्हणून स्वस्थ बसायचे कारण नाही. लोकांनी केलेले आहे. विंडोज ७ मधून क्लासिक गेल्यावर आयव्हो बेल्चेव्ह नावाच्या प्रोग्रॅमरने २००९ साली 'क्लासिक शेल' नावाचा छोटा प्रोग्रॅम तयार केला आणि तो फुकट वाटला. तो बसवला की जुनी यादी परत येत असे. २०१७ च्या डिसेंबरात त्याने काम थांबवले, पण जाताना त्याची घडण सर्वांसाठी खुली केली, आणि इतरांनी ते काम 'ओपन-शेल' नावाने पुढे नेले. लिनक्सच्या जगात तर याहून मोठी भाऊबंदकी झाली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम या प्रणालीने आपली जुनी यादी मोडून सर्वस्वी नवे रूप आणले. ज्यांना ते रुचले नाही त्यांनी जुन्याची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. तिचे नाव 'माते', दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाच्या वनस्पतीवरून ठेवलेले. लिनक्स मिंटवाल्यांनी 'सिनॅमन' काढले. खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स हाही तेव्हा नव्या रूपावर चिडून दुसऱ्या साध्या प्रणालीकडे गेला होता. पुढे तो ग्नोमकडे परतला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझा वर्गमित्र ते सांगितल्याशिवाय राहणार नाही. पण मुद्दा असा की जाण्याची आणि परतण्याची दोन्ही दारे त्याला उघडी होती. बहिणीला ती नव्हती.

आता आपल्या महाविद्यालयापुरते. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या संगणक-कक्षातली बरीचशी यंत्रे जुनी आहेत आणि विंडोज ११ ज्या सुरक्षा-चिपची अट घालते ती त्यांच्यात नाही. म्हणजे लवकरच काहीतरी बदल करावा लागणार हे उघड आहे. त्यासंबंधी प्राध्यापक महाशयांपुढे काही गोष्टी मांडतो. जुनी यंत्रे मोडीत काढण्याआधी त्यांच्यावर लिनक्स मिंट घालून पाहावे. ते फुकट मिळते, आणि त्याचा मेनू खालच्या डाव्या कोपऱ्यात, शब्दांत आणि वर्गवारीने लावलेला असतो. नवी यंत्रे घेतली तर त्यांतल्या पट्टीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सर्व यंत्रांवर बटण डावीकडे करून घ्यावे. याला एका यंत्रामागे मिनिटभरही लागत नाही. बदल करायचाच तर तो परीक्षेच्या आणि अर्ज भरण्याच्या दिवसांत करू नये. आणि बदलानंतरच्या पहिल्या आठवड्यात कोणता प्रोग्रॅम कुठे गेला याचा एक तक्ता, मराठीत आणि ठळक अक्षरांत, कक्षाच्या भिंतीवर लावावा. तो तक्ता लिहून देण्याचे काम मी करीन. माझे अक्षर बरे आहे, आणि नमुन्याला बहिणीची वही आहेच.